न दिसणारी अक्षरे

वेरूळहून सकाळी आमची एस.टी. निघते तेव्हा गाडीत पाय ठेवायला जागा नसते. खुलताबादला आणखी माणसे चढतात. कंडक्टर मागे कुठेतरी तिकिटे फाडण्यात गुंतलेला, ड्रायव्हर पुढे आपल्या जागी, आणि दोघांच्या मध्ये उभ्या माणसांची भिंत. अशा वेळी कंडक्टर ओरडून काही सांगत नाही. तो डोक्यावरची दोरी ओढतो. एक टोला पडला की गाडी थांबते, दोन टोले पडले की गाडी सुटते. दौलताबादचा घाट उतरून छत्रपती संभाजीनगरला पोहोचेपर्यंत तीसेक किलोमीटरमध्ये ही घंटा कितीतरी वेळा वाजते. पण उतरल्यावर कोणाला विचारावे की वाटेत काय ऐकले, तर तो शेजाऱ्याच्या गप्पा सांगेल, कोणाच्या मोबाईलवरचे गाणे सांगेल; घंटा सांगणार नाही. घंटा कोणी ऐकत नाही, तरी गाडी तिच्यावरच चालते.

या घंटेकडे माझे लक्ष गेल्या वर्षापासून जाऊ लागले. त्याला एक कारण घडले, तेच सांगते.

मी कला शाखेच्या द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी. संगणक हा माझा विषय नव्हे; तेव्हा या लेखात विज्ञान शाखेच्या मित्रांना काही उणे आढळले तर त्यांनी ते खुशाल माझ्या पदरात घालावे. गेल्या वर्षी ऑक्टोबरात मला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. सीताफळाचे दिवस होते. माझे वडील, ज्यांना आम्ही घरात अण्णा म्हणतो, त्या दिवसांत लेण्यांच्या रस्त्याला पाट्या मांडून बसतात. वर्षाच्या कमाईतला बराच भाग त्या दीड-दोन महिन्यांतला. त्यातला एक दिवस मोडून ते माझ्याबरोबर अर्ज भरण्याच्या केंद्रावर आले. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच असल्यामुळे अर्ज कसा असतो हे आम्हा दोघांनाही सारखेच अपरिचित होते.

केंद्रावरच्या मुलाने भराभर सगळे टंकले. शेवटी पडद्यावर तांबडी ओळ आली : नाव नोंदीशी जुळत नाही.

“काका, नाव जुळत नाही,” तो म्हणाला.

“कोणाशी जुळत नाही?”

“जुन्या नोंदीशी.”

अण्णांनी दोन्ही नावे दाखवायला सांगितली. त्याने पडदा आमच्याकडे फिरवला. अण्णांनी चष्मा लावला आणि वरच्या नावातल्या एकेका अक्षरावर बोट ठेवत, मग खालच्या नावातल्या एकेका अक्षरावर बोट ठेवत, दोनदा वाचले. “हे बघा सायेब, हे अन् हे एकच हाये. मंग जुळत कामून नाही?”

“मला पण एकच दिसतंय काका,” तो म्हणाला, “पण मशीन नाही म्हणतंय.”

त्या उत्तरात अरेरावी नव्हती. तो मुलगाही आमच्याइतकाच अडला होता. त्याने नाव पुन्हा टंकले, पुन्हा तांबडी ओळ आली. दुसऱ्या दिवशी आम्ही दुसऱ्या केंद्रावर गेलो, तिथेही तेच. मुदतीचे चार दिवस उरले होते. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर शिक्षण थांबेल असे घरात कोणी म्हणाले नाही. म्हणायची गरजही नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या संगणक कक्षातल्या सरांना भेटले. आमच्या आडनावात ‘वऱ्हाड’ या शब्दातला ऱ्ह आहे. म्हणजे चंद्रकोरीसारखा आडवा अर्धा र आणि त्याला चिकटलेला ह. सरांनी आडनाव पाहिले मात्र, ते हसले. त्यांनी जुन्या नोंदीतले नाव आणि आम्ही भरलेले नाव एकाखाली एक उतरवून घेतले आणि मला म्हणाले, “आता ऱ्ह खोडायला बॅकस्पेसची कळ किती वेळा दाबावी लागते ते मोज.”

मी मोजले. खालच्या ओळीत तीन वेळा. वरच्या ओळीत चार वेळा. वरच्या ओळीत ह गेल्यानंतर मी कळ दाबली तेव्हा एकही अक्षर गेले नाही. फक्त चंद्रकोरीसारख्या अर्ध्या रचे रूप पालटून तो पाय मोडलेला साधा र झाला.

“मग गेले काय?” मी विचारले.

“जे दिसत नव्हते ते गेले,” सर म्हणाले.

मग त्यांनी समजावले ते असे. कोकणातल्या माणसाचा दर्या आणि आमच्या वेरूळच्या डोंगरातल्या दऱ्या, हे दोन शब्द आपण कानाने आणि डोळ्याने सहज वेगळे करतो. संगणकाला मात्र र, हलन्त आणि य अशी तीन अक्षरे ओळीने दिली की तो रफार काढतो आणि ‘दर्या’ लिहितो. ‘दऱ्या’ हवा असेल तर त्याला आणखी काही सांगावे लागते. ते सांगायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, साध्या र ऐवजी खाली टिंब असलेला ऱ वापरायचा. दुसरी, र आणि हलन्त यांच्यापुढे एक असे अक्षर ठेवायचे ज्याला स्वतःचे रूपच नाही. त्याला म्हणतात झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे शून्य रुंदीचा सांधा. त्याचे काम एवढेच की ‘इथे रफार काढू नकोस, र अर्धा ठेव’ हे यंत्राला सांगायचे. दोन्ही तऱ्हांनी पडद्यावर उमटणारे अक्षर एकच. पण यंत्र नावे ताडून पाहते ते डोळ्यांनी नव्हे. ते अक्षरांचे क्रमांक एकापुढे एक ठेवून पाहते. जुन्या नोंदीत चार क्रमांक, आमच्या अर्जात तीन. म्हणून नाव जुळत नव्हते.

सरांनी नाव चार क्रमांकांच्या तऱ्हेने टंकून दिले आणि अर्ज गेला. माझ्या मनात मात्र एक प्रश्न राहून गेला. अक्षर म्हणजे जे लिहिता येते, वाचता येते ते. मग न दिसणारे अक्षर अक्षरांच्या यादीत घेतले कोणी, आणि कशासाठी? मी सरांना तसे विचारले, तर ते म्हणाले, “हे तर नातवंड आहे. आजे-पणजे पाहायचे असतील तर आस्कीची यादी काढून बघ. तिच्यात पहिली बत्तीस घरे अशीच आहेत.”

आस्की हा संगणकाचा अमेरिकेत ठरलेला वर्णसंच. तो 1963 साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि 1967 साली सुधारून पक्का झाला. त्यात 0 ते 127 असे 128 क्रमांक आहेत. 65 म्हणजे इंग्रजी ए, 66 म्हणजे बी, याप्रमाणे. पण 0 ते 31 या क्रमांकांपुढे एकही दिसणारे चिन्ह नाही, आणि अगदी शेवटच्या 127पुढेही नाही. एकशे अठ्ठावीसपैकी तेहतीस, म्हणजे चौथा हिस्सा जागा न दिसणाऱ्यांना दिलेल्या. त्या काळी यंत्रातली एकेक जागा मोलाची होती. जागा इतक्या अपुऱ्या असताना कोणी शहाणा माणूस चौथा हिस्सा उगाच कशाला मोकळा सोडील?

याचे उत्तर शोधायला मला संगणकाच्याही मागे, तारेपर्यंत जावे लागले.

तार म्हटले की माझ्या आजीच्या चेहऱ्यावर अजून सावट येते. तिच्या तरुणपणी गावात तारवाला आला की काय लिहिले आहे हे वाचण्याआधीच रडारड सुरू होई. आपल्या देशात 1855 साली जनतेसाठी सुरू झालेली ही सेवा 15 जुलै 2013 रोजी बंद झाली. माझ्या पिढीने तार पाहिलेलीच नाही. पण तार म्हणजे काय होते? एका टोकाला एक माणूस कट्ट-कडकट्ट करीत मोर्सच्या खुणा पाठवी आणि दुसऱ्या टोकाला दुसरा माणूस त्या ऐकून कागदावर उतरवी. उतरवणारा माणूस होता, हे येथे महत्त्वाचे. ओळ भरली की तो आपला आपण हात खालच्या ओळीवर नेई. चूक झाली तर खोडी. कागद संपला तर दुसरा घेई. ‘आता खाली ये’ असे त्याला तारेतून सांगावे लागत नसे.

पुढे माणसाच्या जागी यंत्र आले. फ्रान्समधल्या एमिल बोदो यांनी 1874 साली पाच खुणांच्या संकेताचे पेटंट घेतले. प्रत्येक खूण आहे किंवा नाही, अशा पाच खुणांच्या एकंदर बत्तीस जुळण्या होतात. म्हणजे बत्तीसच अक्षरे पाठवता येतात. 1901च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या डोनाल्ड मरे यांनी या संकेतात मोठा बदल केला. त्यांच्या पद्धतीत टंकलेखनयंत्रासारख्या कळफलकावरून कागदी पट्टीवर छिद्रे पडत आणि दुसऱ्या टोकाला यंत्र आपोआप मजकूर छापी. आता गंमत पाहा. छापणाऱ्या यंत्रापाशी माणूस नाही. ओळ संपली तरी यंत्राला ते कळत नाही; सांगितले नाही तर ते कागदाच्या कडेवरच अक्षरांवर अक्षरे आपटत बसेल. त्याला ‘डावीकडे जा’ आणि ‘कागद एक ओळ वर सरकव’ असे सांगायला हवे. सांगायचे कसे? मध्ये तार एकच, आणि तारेवरून जाणार ती अक्षरेच. तेव्हा ही आज्ञाही अक्षर होऊनच गेली पाहिजे. मरे यांनी बत्तिसातल्या दोन जुळण्या या कामाला दिल्या.

इथे मला आमची एस.टी. आठवली. गाडीत बोलण्यासाठी तोंड आहे आणि घंटेसाठी निराळी दोरी आहे. तारेच्या यंत्राला निराळी दोरी नव्हती. निराळी दोरी म्हणजे शेकडो मैल निराळी तार. तिचा खर्च कोण करणार? म्हणून गप्पा आणि घंटा या दोघींना एकाच दोरीवरून जावे लागले. न दिसणारी अक्षरे अक्षरांच्या यादीत का आली, याचे मला सापडलेले उत्तर हे.

पुढे आंतरराष्ट्रीय झालेल्या पाच खुणांच्या संकेताचा हिशेब मी वहीत मांडून पाहिला. इंग्रजी अक्षरे सव्वीस. उरल्या सहा जुळण्या. त्यांतली एक कोऱ्या जागेची, एक गाडा डावीकडे आणण्याची, एक ओळ बदलण्याची, एक काहीच नसल्याची. आणि उरलेल्या दोन फार हुशारीच्या. एक सांगते, ‘यापुढची अक्षरे अंक समजून वाच’. दुसरी सांगते, ‘आता पुन्हा अक्षरे समज’. या दोघींमुळे बत्तीस घरांत जवळजवळ दुप्पट कुटुंबे राहू लागली. अंकांच्या बाजूला दोन जागा आणखी गमतीच्या होत्या. एकीने पलीकडच्या यंत्राची घंटा वाजे. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत टेलिप्रिंटर खडखडत असताना तातडीची बातमी आली की ही घंटा वाजे आणि हातातला चहा ठेवून माणसे यंत्राकडे धावत. दुसरीचा अर्थ होता, ‘तू कोण?’ तो संकेत गेला की पलीकडचे यंत्र, तेथे कोणी हजर नसले तरी, आपली ओळख आपोआप उलट पाठवी.

आस्की ठरवणाऱ्यांपुढे हीच सारी मंडळी होती. पाचाऐवजी सात खुणा घेतल्यामुळे घरे 128 झाली आणि जुन्या न दिसणाऱ्या अक्षरांना ऐसपैस जागा मिळाली. घंटा सातव्या घरात गेली. ‘तू कोण?’ पाचव्या घरात गेले. ओळ बदलणे दहाव्या घरात आणि गाडा डावीकडे आणणे तेराव्या घरात. मजकूर कोठे सुरू होतो, कोठे संपतो, निरोप पुरा झाला, मिळाला, मिळाला नाही, या प्रत्येकाला एकेक घर मिळाले. बॉब बेमर यांनी सुचवलेले एस्केप सत्ताविसाव्या घरात बसले. ‘आता जे येईल ते नेहमीच्या अर्थाने घेऊ नकोस’ हे त्याचे सांगणे. आपल्या कळफलकाच्या कोपऱ्यात ती कळ अजून आहे. कंट्रोल नावाची कळही याच घराण्यातली. जी हे इंग्रजीतले सातवे अक्षर. कंट्रोल दाबून जी दाबला की सातवा क्रमांक जातो, म्हणजे घंटा.

ओळ बदलायला एकाऐवजी दोन अक्षरे का, हेही मला कळले. टेलिटाइप मॉडेल 33 हे 1963चे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापी. पण गाडा उजव्या कडेपासून डाव्या कडेला यायला एका अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागे. म्हणून आधी ‘डावीकडे जा’ आणि मग ‘ओळ सरकव’ असे पाठवत. दुसरी आज्ञा पुरी होईपर्यंत गाडा जागेवर पोहोचलेला असे. तेवढ्यानेही पुरले नाही तर मध्ये ‘काहीच नाही’ हे अक्षर पाठवीत. काहीच न करणाऱ्या अक्षराचाही उपयोग होता; ते वेळ काढून देई!

पण या सगळ्यांत माझे मन बसले ते 127व्या अक्षरावर. त्याचे नाव डिलीट. कागदी पट्टीवर एकदा छिद्र पडले की ते बुजवता येत नाही. मग चूक दुरुस्त करायची कशी? पट्टी एक घर मागे घ्यायची आणि त्या जागी सातही छिद्रे पाडायची. सातही छिद्रे म्हणजे 127. वाचणाऱ्या यंत्राला सांगून ठेवलेले, की सातही छिद्रे दिसली तर तिथे काही नव्हतेच असे समज आणि पुढे जा. मी लहानपणापासून कैलास लेणे पाहत आले. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरत आणून ते घडवले. तिथेही उडालेली कपची परत बसवता येत नव्हती. ज्या पदार्थातून केवळ काढताच येते, त्यात चूक सुधारायची म्हणजे आणखी काढायचे, एवढाच उपाय. तो पट्टीवाल्यांनाही सुचला, हे वाचून मला आपल्या गावचे कोणी भेटल्यासारखे वाटले.

मराठीची विद्यार्थिनी म्हणून मला पुढचा प्रश्न पडला : आपल्या लिपीत असे काही आहे का? विचार करू लागले तेव्हा ते पदोपदी दिसू लागले. मोडी लिपीत आधी आडवी रेघ ओढून घेत आणि तिच्याखाली शब्द न तोडता लिहीत जात. विरामचिन्हे नसत. तरी दफ्तरातला कारकून ते कागद घडाघडा वाची, कारण लिहिणारा आणि वाचणारा एकाच कचेरीच्या वळणात वाढलेले असत. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीवरून विरामचिन्हे मराठीत रूढ केली. तोवर छापखाने आले होते. लिहिणारा एकीकडे आणि त्याला कधीही न भेटणारा वाचक दुसरीकडे, अशी स्थिती आली होती. स्वल्पविराम दिसतो खरा, पण त्याचा उच्चार कोणी करीत नाही. तो वाचणाऱ्याच्या श्वासाला दिलेली आज्ञा आहे. आणि हलन्त? ‘पाय मोडणे’ आपण पहिलीपासून शिकतो. संगणकात ‘क्त’ लिहायचे तर क, हलन्त, त अशी तीन अक्षरे जातात. पडद्यावर जोडाक्षर दिसते, हलन्त दिसत नाही. दोघांना जोडून तो स्वतः नाहीसा होतो.

भारतीय मानक ब्यूरोने 1991 साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हा वर्णसंच मानक म्हणून ठरवला. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले हे काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले होते. त्यात मराठीचा क, बंगालीचा क आणि तमिळचा क यांना एकच क्रमांक आहे. मग लिपी कोणती हे सांगायला एक न दिसणारे अक्षर ठेवले, ज्याच्या पाठीमागून लिपीचा क्रमांक येतो. बोदोच्या काळापासूनची ‘आता अंक समज, आता अक्षरे समज’ ही युक्तीच येथे ‘आता बंगाली समज, आता देवनागरी समज’ झाली. त्यातच एक अदृश्य व्यंजनही आहे. नुसती वेलांटी किंवा मात्रा सुटी दाखवायची असेल तर ती ज्याच्या खांद्यावर बसावी असा हा न दिसणारा खांदा. पुढे युनिकोडने पहिली 128 घरे आस्कीची जशीच्या तशी ठेवली आणि देवनागरीची मांडणी इस्कीवरून घेतली. माझ्या आडनावातला शून्य रुंदीचा सांधा युनिकोडमधलाच आहे. तो घंटेच्या किंवा डिलीटच्या जातीचा नव्हे. तो यंत्राला हलवत नाही, अक्षराला वळण देतो. पण घराणे एकच : स्वतः न दिसता दुसऱ्याने कसे दिसावे ते सांगणाऱ्यांचे.

या सगळ्या वाचनातून मला एक गोष्ट लक्षात आली, ती चुकीची असेल तर आमच्या प्राध्यापकांनी सांगावे. वाचणारा जितका परका, तितक्या सूचना लिहून द्याव्या लागतात. मोडी वाचणारा कारकून घरचा होता, त्याला पूर्णविराम लागला नाही. तार उतरवणाऱ्या माणसाला ‘खाली ये’ सांगावे लागले नाही. छापील पुस्तकाचा वाचक परका, त्याला विरामचिन्हे लागली. आणि यंत्र हा सगळ्यांत परका वाचक. त्याला ओळ संपली हेसुद्धा सांगावे लागते.

आमच्या आजीचे नाव तिच्या निरनिराळ्या कागदांवर निरनिराळे आहे. कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ. कुठे ‘बाई’ जोडलेले, कुठे तोडलेले. तिचे त्यावाचून कधी अडले नाही, कारण गावात कागद वाचणारा माणूस आधी तिच्या तोंडाकडे पाही. ती कोणाची सून, कोणाची आई हे त्याला ठाऊक असे. या जुन्या रीतीचे मी गोडवे गात नाही. ओळखीवर चालणाऱ्या कचेरीत ओळख नसणाऱ्याचे काय होई, हेही आजीकडूनच मी ऐकले आहे. बापाचे नाव सांगितल्यावर कागद बाजूला ठेवणारी माणसेही तिने पाहिली आहेत. यंत्र माझे तोंड पाहत नाही, तसे माझ्या बापाची ऐपतही पाहत नाही. ते फक्त अक्षरे मोजते, दिसणारी आणि न दिसणारीही. त्याच्याशी भांडून उपयोग नाही आणि त्याच्यापुढे हात जोडूनही उपयोग नाही. ते काय मोजते, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

अर्ज गेला त्या दिवशी अण्णा फाटकापाशी वाट पाहत उभे होते. परतीच्या गाडीत त्यांनी विचारले, काय झाले होते? मी जमेल तसे सांगितले. बॅकस्पेसची गोष्ट सांगितली, दर्या आणि दऱ्या सांगितले. ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, “म्हंजे आपल्या नावात एक अक्षर असं हाये, जे कोणालाच दिसत नाही. अन् त्याच्यावाचून नाव आपलं नाही म्हणतेत.”

“तसंच, अण्णा.”

“मंग ते लिव्हायला शिकून घे,” ते म्हणाले. मागे कोठेतरी दोन टोले पडले आणि गाडी दौलताबादहून सुटली.

मी शिकून घेतले. यंदा आमच्या गावच्या दोन मुलींनी अकरावीला आणि एकीने प्रथम वर्षाला प्रवेश घेतला. तिघींचे अर्ज मी संगणक कक्षात बसून भरून दिले. त्यांतल्या एकीच्या आडनावातही ऱ्ह आहे. अर्ज पाठवण्यापूर्वी तिला शेजारी बसवले आणि तिच्याकडूनच बॅकस्पेस मोजून घेतला.